उडत्या हाम्बुर्गकराच्या मागावर

बर्लिनहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "भिंत बघितलीत का?" बघितली. पण मी गेले होते एका आगगाडीसाठी, आणि ती गाडी आता धड अर्धीसुद्धा उरलेली नाही. तिचं नाव 'फ्लीगेन्डर हाम्बुर्गर'. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बर्गर खायला एवढ्या लांब कशाला?" तसलं बर्गर नव्हे हो. पुण्याचा तो पुणेकर, तसा हाम्बुर्गचा तो हाम्बुर्गर. उडता हाम्बुर्गकर म्हणा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत डिझेल फिटर होते. घोरपडीच्या शेडमधून निवृत्त झाले. त्यांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक चित्र डकवलेलं होतं, कुठल्याशा मासिकातून कापलेलं. गोल नाकाची, बुटकी, दोन डब्यांची गाडी. खालच्या कडेवर भलीमोठी चिकटपट्टी, ती पुढे तपकिरी पडली. "ही सगळ्या डिझेलगाड्यांची आजी," असं ते सांगायचे. अण्णा गेले, कपाट माझ्याकडे आलं. त्यातल्या साड्या काढताना दर वेळी आजी दिसायची.

लेक नोकरीनिमित्त बर्लिनला आहे. प्रवासाच्या आदल्या वर्षी तिच्याशी बोलताना सहज शोधलं, तर कळलं की ही गाडी बर्लिन ते हाम्बुर्ग अशी पहिल्यांदा नेमाने धावली ती १५ मे १९३३ ला. २८७ किलोमीटर, २ तास १८ मिनिटांत. सरासरी वेग ताशी १२५ किलोमीटरच्या जवळ, कमाल १६०. वेळापत्रकात छापलेली त्या वेळची जगातली सर्वांत वेगवान गाडी. झालं, माझ्या डोक्यात बसलं: १५ मे २०२३ ला, बरोबर नव्वद वर्षांनी, न्यूरेंबर्गच्या रेल्वे संग्रहालयात उरलेल्या तुकड्यासमोर उभं राहायचं. आठ महिने आधी तारीख पक्की केली. तारखेचा वार मात्र बघितला नाही. पुढे येईलच ते.

गुरुवार, ११ मे: बर्लिन

बर्लिनचं मुख्य स्टेशन म्हणजे काचेचा प्रचंड महाल. एका मजल्यावर पूर्व-पश्चिम गाड्या, पार तळघरात उत्तर-दक्षिण, आणि मध्ये दुकानंच दुकानं. मी तिथे गेले ते जे नाही ते बघायला. आपला हाम्बुर्गकर सुटायचा लेर्टर बानहोफ या स्टेशनातून. ते युद्धात खिळखिळं झालं, १९५० च्या दशकाच्या शेवटी पाडलं, आणि त्याच जागेवर २००६ मध्ये हा काचमहाल उभा राहिला. मी बाकावर बसून डोळे मिटून घेतले तर लेक म्हणाली, "आई, इथे झोपू नकोस, पर्स सांभाळ."

तिथून दहा मिनिटांवर 'हाम्बुर्गर बानहोफ' आहे. शब्दशः हाम्बुर्ग स्टेशन, पण तिथून गाडी सुटत नाही. १८४० च्या दशकात बर्लिन-हाम्बुर्ग मार्गासाठी बांधलेलं हे स्टेशन १८८४ मध्येच बंद झालं आणि हाम्बुर्गच्या गाड्या शेजारच्या लेर्टरला गेल्या. पुढे इथे वाहतूक संग्रहालय होतं, आता आधुनिक कलेचं आहे. रुळांच्या जागी पांढऱ्या भिंती आणि जमिनीवर पसरलेल्या कलाकृती. एका कोपऱ्यात दोऱ्या आणि बादली होती. ती कलाकृती की सफाईवाल्याची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दाराशी बसलेल्या बाईंना मी लेकीकरवी विचारलं, "रूळ कुठे होते?" त्यांनी पायांखाली बोट दाखवलं आणि छान हसल्या. दिवसातून दहा जण विचारत असावेत.

संध्याकाळी लेकीने श्पार्गेल केलं. मे महिना म्हणजे इथे पांढऱ्या शतावरीचा हंगाम, आणि माणसं त्यासाठी आपण हापूससाठी होतो तितकीच वेडी होतात. हंगाम २४ जूनला संपतो म्हणजे संपतो. बर्लिनजवळच्या बेलित्झची शतावरी म्हणजे त्यांची देवगड-रत्नागिरी. बोटाएवढ्या जाड पांढऱ्या कांड्या, सालकाढण्याने वरून खाली सोलायच्या, नाहीतर दोरे लागतात. मी निम्म्या सोलल्या आणि दोन मोडल्या. उकडलेले बटाटे आणि वर लोणी-अंड्याचा पिवळा रस्सा. चव? कोवळ्या पडवळाला लोण्यात घोळवलं तर येईल तशी. मला आवडली, पण हापूस तो हापूस.

जेवताना बातमी आली: रेल्वे कामगारांच्या संघटनेने रविवारी रात्रीपासून मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत ५० तासांचा संप पुकारलाय. लेक हवालदिल. मी मात्र पंचाईतीत पडले, कारण मी संपवाल्याची पोर. मे १९७४ चा तो मोठा संप मला आठवतो. मी तेरा वर्षांची होते, अण्णा घरी राहायचे नाहीत, आणि आई दर कडी वाजली की दचकायची. त्यामुळे माझं तोंड उघडेना. लेक म्हणाली, "तुझी नव्वद वर्षं बुडणार आहेत आई, आणि तू त्यांचीच बाजू घे."

शुक्रवार, १२ मे: रमतगमत हाम्बुर्गकडे

आयसीई या वेगवान गाडीने गेलं तर बर्लिन-हाम्बुर्ग पावणेदोन तासांत होतं. पण मला रस्ता बघायचा होता, म्हणून लोकल-पॅसेंजर धरल्या. मे २०२३ मध्येच इथे 'डॉइचलँडटिकेट' सुरू झालं, तेव्हा ४९ युरोला: महिनाभर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम, बस, सगळं त्यात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना ते चालत नाही. आणि ते तिकीट नसून वर्गणी आहे, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. आमच्या लेकीने काढलं त्याच दिवशी रद्दही करून ठेवलं. पोरगी माझ्यावर गेलेली नाही.

बर्लिन सुटल्यावर नाउएननंतर सगळं सपाट. रेषेत आखल्यासारखा रूळ आणि दोन्ही बाजूंना मोहरीच्या जातीच्या राप्सची पिवळीधमक शेतं, नजर जाईल तिथपर्यंत. हळदीने माखलेल्या जेजुरीची आठवण झाली. डब्यात एक आजोबा सायकल घेऊन चढले. मी सारखी खिडकीला नाक लावतेय हे बघून त्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच येताय?" लेकीने माझं वेड समजावून सांगितलं. त्यावर ते फ्रीझाक स्टेशन येईपर्यंत गप्प राहिले आणि मग बाहेर बोट दाखवून एकच शब्द म्हणाले, "दोनशे."

मला कळलं, म्हणून फार आनंद झाला. ११ मे १९३६ ला, म्हणजे आदल्याच दिवशी सत्याऐंशी वर्षांपूर्वी, ०५ ००२ नावाचं वाफेचं इंजिन याच टापूत ताशी २००.४ किलोमीटरने गेलं होतं. डिझेल गाडीने तीन वर्षं भाव खाल्ल्यावर वाफेवाल्यांनी दिलेलं हे उत्तर. या रुळाला वेगाचा शापच आहे म्हणा ना. आजोबांनी सायकल उतरवली, टोपी उचलली, गेले.

विटेनबर्गेला उतरलो. हे मार्टिन ल्यूथरचं विटेनबर्ग नव्हे, तिकिटं काढताना घोळ करू नका. नदीकाठचं शांत, जरा उदास गाव. पण स्टेशनपासून चालत गेलं की एक भलामोठा घड्याळाचा मनोरा लागतो, १९२८-२९ मध्ये बांधलेला. घड्याळाच्या तबकडीचा व्यास साडेसात मीटर! हा मनोरा सिंगर शिलाई मशीनच्या कारखान्याचा. सिंगर हे नाव वाचल्यावर मी रस्त्यातच थांबले. आमच्या घरी आईचं पायमशीन सिंगरच होतं. ते इथलं नसणार, पण काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी मी अजून आंधळेपणी काढून दाखवीन. युद्धानंतर पूर्व जर्मनीत इथेच 'वेरिटास' नावाची मशीनं बनायची. देश एक झाला आणि कारखाना बंद पडला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. समोरच्या बेकरीतल्या बाईंची आई तिथेच कामाला होती. "आता घड्याळ वेळ दाखवतं, पण कामाला जायचं कुणाला?" असं काहीसं त्या म्हणाल्या आणि आमच्या पिशवीत एक बन जास्तीचा टाकला.

१९३३ मध्ये हाम्बुर्गकरातून जाणाऱ्यांनी खिडकीतून हा मनोरा नवा कोरा बघितला असणार. त्याआधी दोन वर्षं, २१ जून १९३१ ला, या भागाने आणखी एक आक्रीत पाहिलं होतं: फ्रान्त्स क्रुकेनबर्ग यांचा 'रुळावरचा झेपेलिन' (झेपेलिन म्हणजे त्या काळचं फुग्यासारखं हवाईजहाज). मागे विमानासारखा पंखा लावलेला एकच डबा. विटेनबर्गेच्या पुढे, कारश्टेटच्या बाजूला तो ताशी २३० किलोमीटरने गेला, आणि हाम्बुर्गच्या बेर्गेडॉर्फपासून बर्लिनपर्यंत ९८ मिनिटांत पोचला. पण फलाटावर गर्दीत गरगरणारा उघडा पंखा कोण चालू देणार? शिवाय त्याला दुसरा डबाही जोडता येईना. तो कधी प्रवासी सेवेत आलाच नाही, १९३९ मध्ये भंगारात निघाला. म्हणजे उडण्याचा मान शेवटी पंख नसलेल्याला मिळाला. आमची पॅसेंजर कारश्टेटला थांबली, दोन शाळकरी मुलं चढली, आणि निघाली.

श्वेरिनला गाडी बदलून हाम्बुर्गकडे. श्वानहाइड आणि ब्यूशेन ही दोन लहान स्टेशनं लागोपाठ येतात. यांच्यामध्ये चाळीस वर्षं दोन देशांची सीमा होती. श्वानहाइडला पूर्व जर्मनीचे पहारेकरी, ब्यूशेनला पश्चिमेचे. आता मध्ये नुसती झाडं. मला ज्या प्रश्नाने इतके दिवस टोचलं होतं त्याचं उत्तर इथे खिडकीबाहेर होतं. हाम्बुर्गकराची २ तास १८ मिनिटांची वेळ या मार्गावर पुन्हा मोडली गेली ती १९९७ मध्ये, आयसीई आल्यावर. चौसष्ट वर्षांनी! मला वाटायचं, इतकं भारी इंजिन त्यांनी बनवलं तरी कसं. इंजिनाला काय झालं होतं? इंजिनं पुढे चांगलीच झाली. रुळाचा एक पदर युद्धाच्या भरपाईत उखडून नेला आणि उरलेल्यावर तारेचं कुंपण आलं. गाडी काय करणार.

आणि आपण तरी कुठल्या तोंडाने बोलणार? दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा मुंबई-पुणे पावणेतीन तासांत जायची. आज तीन तासांच्या वर लागतात. आपल्याकडे तर कुंपणही आलं नाही.

शनिवार, १३ मे: हाम्बुर्ग

सकाळी झोंबरं वारं, आणि प्रत्येक जण "मोइन" म्हणतो. सकाळ असो, रात्र असो, मोइन. मला हे फार सोयीचं वाटलं.

नाश्त्याला फ्रान्त्सब्रोटशेन: दालचिनी-साखर घालून गुंडाळलेली आणि मधोमध दाबून चपटी केलेली पाव-खारी. कडा कुरकुरीत आणि मध्यभाग चिकट, खाऊन झाल्यावर बोटं चाटायची. दुपारी बंदरावर फिशब्रोटशेन. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, म्हटलं मासा तर मासा. मात्येस म्हणजे मिठात मुरवलेला, न शिजवलेला हेरिंग, वर कच्चा कांदा, सगळं पावात. पहिल्या घासाला डोळे मिटले, तिसऱ्याला दुसरा मागवावा वाटला. लेक शाकाहारी, ती लांब जाऊन उभी राहिली. सूचना: समुद्रपक्ष्यांपासून पाव छातीशी धरून खा. माझ्या शेजारच्या माणसाचा गेला, सगळाच्या सगळा.

हाम्बुर्गचं स्टेशन १९०६ चं, एकाच मोठ्या कमानीखाली बहुतेक सगळे फलाट. वरच्या पुलावर रेलून मी अर्धा तास काढला. इथेच सकाळी आठच्या सुमाराला बर्लिनहून निघालेले लोक साडेदहाच्या आत उतरायचे. कामं उरकायची, दुपारी परत, रात्रीचं जेवण घरी. गाडीत ९८ जागा, सगळ्या दुसऱ्या वर्गाच्या, त्या काळी तिसरा वर्ग असताना. एका कोपऱ्यात चार जण बसतील एवढा बुफे. म्हणजे ही व्यापाऱ्यांची, वकिलांची गाडी. आमच्यासारख्यांनी फलाटावरून बघायची. अण्णांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे, ते फक्त इंजिनाबद्दल बोलायचे.

स्टेशनापासून पंधरा-वीस मिनिटं चालत लोझे पार्कला गेलो. हे माझ्या यादीत नव्हतं, लेकीने नेलं. तिथे पूर्वी हानोफरशर बानहोफ हे स्टेशन होतं. १९४० ते १९४५ या काळात तिथून आठ हजारांहून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा माणसांना गाड्यांत भरून छळछावण्यांकडे पाठवलं. आता बागेतून एक खोलगट वाट तिरकी जाते, जुन्या रुळाच्या रेषेवरून, आणि शेवटी फलाटाची उरलेली कड येते. तिथे फळ्यांवर नावं आहेत. शहरांप्रमाणे, गाड्यांप्रमाणे लावलेली. मी चष्मा पुसून काही वाचली. एकाच आडनावाची पाच, जन्मवर्षं १८९० पासून १९३८ पर्यंत. शेजारच्या हिरवळीवर मुलं फुटबॉल खेळत होती, चेंडू दोनदा वाटेत आला, एका बाईने तो पायाने परत ढकलला.

हिटलर चान्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला, आणि उडता हाम्बुर्गकर सुरू झाला त्यानंतर बरोबर पंधरा आठवड्यांनी. गाडी आधीच तयार झालेली होती, श्रेय मात्र नव्या राजवटीने मिरवलं. त्या मखमली वेळापत्रकाची आणि या फलाटाची रेल्वे एकच, राइशबान. अण्णांच्या चित्राबद्दल मला तोवर नुसतं कौतुक होतं. त्या बागेतून परतताना मी लेकीशी फार बोलले नाही.

संध्याकाळी कळलं की संप मागे घेतला. न्यायालयात तडजोड झाली. लेकीने नाच केला. मी मनातल्या मनात अण्णांची माफी मागून घेतली आणि मीही केला.

रविवार, १४ मे: लाइपझिश, उभ्या उभ्या

हाम्बुर्गहून न्यूरेंबर्गला जाताना वाटेत लाइपझिशला उतरलो, पुढची गाडी दीड तासाने होती. लांबच्या गाड्यांची तिकिटं महिनाभर आधी काढा, ऐनवेळी तिप्पट पैसे जातात. जागेचं आरक्षण वेगळं, तेही करा. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, स्टेशनातली उघडी, त्यामुळे अख्खं लाइपझिश दूध-अंडी घ्यायला स्टेशनात लोटलेलं.

तिथे अगदी एका कडेच्या २४ नंबरच्या रुळावर जुन्या गाड्या ठेवल्यात, तिकीट वगैरे काही नाही. वाफेचं काळंकभिन्न इंजिन, विजेची तीन, आणि टोकाला एसव्हीटी १३७ २२५ या नंबरची डिझेलगाडी. ही हाम्बुर्गकराची धाकटी बहीण. पहिली गाडी यशस्वी झाल्यावर १९३५-३६ मध्ये तशाच तेरा बनवल्या, बर्लिनहून कोलोन, फ्रँकफुर्ट, म्युनिक अशा पाठवल्या. सुधारणा ही की नाकात आपोआप अडकणारा जोड बसवला, त्यामुळे दोन गाड्या एकमेकींना जोडता येत. गोल नाक, जांभळा आणि मलईचा रंग. सुंदर आहे. पण माझं मन न्यूरेंबर्गला लागलेलं. दोन फोटो काढले, एका बाजूला बसून डब्यातले मेथीचे ठेपले खाल्ले, आणि लेकीला म्हटलं, "चल, ही काही आजी नव्हे." दहा मिनिटं दिली असतील जेमतेम.

सोमवार, १५ मे: न्यूरेंबर्ग

नव्वद वर्षं. अबोली रंगाची साडी नेसले. अण्णांचा पासपोर्ट फोटो पाकिटात. सव्वानऊला संग्रहालयाच्या दारात उभी.

दार बंद. पाटी: सोमवारी बंद.

लेक माझ्याकडे बघत राहिली. "आई, तू वेळा बघितल्या होत्यास ना?" तारीख बघितली होती, वेळ बघितली होती, भाडं बघितलं होतं. नंतर हिशेब केला तर १५ मे १९३३ हाही सोमवारच निघाला. योगायोग असा मुठीत आणि दाराला कुलूप. रस्त्यापलीकडून एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, ती थांबून माझ्या साडीचं कौतुक करून गेली. तेवढाच काय तो सोहळा.

तर मंडळी, डीबी म्युझियम, म्हणजे हे रेल्वे संग्रहालय, सोमवारी बंद असतं. वहीत लिहून ठेवा.

दिवस फुकट मात्र गेला नाही. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे याच गावातून धावली, ७ डिसेंबर १८३५ ला, 'आडलर' नावाच्या इंजिनामागे, शेजारच्या फ्युर्थपर्यंत, सहाएक किलोमीटर. आज मेट्रोची यू१ बरीचशी त्याच रेषेवरून जाते. आम्ही फ्युर्थला गेलो, कॉफी प्यालो, आलो. परत आल्यावर गावात यू२ पकडली, तिला चालकच नसतो. सगळ्यात पुढच्या काचेशी एक पाच वर्षांचा मुलगा आणि मी, दोघं बोगद्यात डोळे लावून. त्याने मला जागा दिली नाही.

दुपारी 'द्राय इम वेगला': बोटाएवढे तीन सॉसेज एका गोल पावात, वर मोहरी. लेकीसाठी चीज घातलेले श्पेट्सले, आपल्या शेवयांच्या खिरीचं तिखटमिठाचं भावंड.

मंगळवार, १६ मे: शेवटी

साधा सलवार-कमीज. दार उघडं.

गाड्यांच्या दालनात आधी दिसलं ते ०५ ००१. फ्रीझाकजवळ दोनशे गाठणाऱ्या इंजिनाचं जुळं. गडद लाल पत्र्याचं कवच, आणि आतली मोठी चाकं २ मीटर ३० सेंटिमीटर व्यासाची. माझ्या डोक्यावर वीतभर नव्हे, चांगली दीड हात उंच. वाफेने डिझेलला उत्तर द्यायचं म्हणजे काय करावं लागलं ते चाकाकडे बघून कळतं.

आणि मग तो. उडता हाम्बुर्गकर, एसव्हीटी ८७७. म्हणजे त्याचा तुकडा: चालकाची केबिन, इंजिनखोली आणि प्रवासी दालनाचा थोडा भाग. मागे वडीसारखा कापलेला. मूळ गाडी जवळपास ४२ मीटर लांब. ग्योर्लिट्झच्या कारखान्यात बनलेली, नाकाचा आकार झेपेलिनवाल्यांच्या वायुबोगद्यात ठरवलेला.

मी अण्णांकडून ऐकलेलं सगळं तिथे मनाशी जुळवत बसले. दोन टोकांना दोन मायबाख डिझेल इंजिनं, बारा सिलिंडरची, प्रत्येकी ४१० अश्वशक्तीची. पण इंजिन चाकं थेट फिरवत नाही. ते जनित्र फिरवतं, जनित्राची वीज मोटारींना जाते. आपल्या घाटात धापा टाकणाऱ्या डिझेलचंही हेच. "डिझेल म्हणजे स्वतःचं वीजघर पोटात घेऊन फिरणारी विजेची गाडी," अण्णा म्हणायचे. गंमत म्हणजे मोटारी होत्या मधल्या बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, जिच्यावर दोन्ही डबे मिळून टेकलेले. ताकद दोन टोकांना आणि पाय कमरेत. ती बोगी बघायची फार इच्छा होती, पण ती कापलेल्या भागात गेली.

पळण्याहून थांबणं अवघड होतं. १६० च्या वेगावरून ही गाडी ८०० मीटरमध्ये उभी राहायची, कारण हवेच्या ब्रेकच्या जोडीला चुंबकी ब्रेक होता. विजेने चुंबक झालेल्या पट्ट्या खाली येऊन थेट रुळाला चिकटायच्या. मी वाकून खाली बघत होते तेवढ्यात एक वयस्कर कर्मचारी आले. काही हरवलं का, असं त्यांनी खुणेने विचारलं. लेकीने सांगितलं, हिचे वडील डिझेल फिटर होते, ही काल आली होती, काल बंद होतं. "काल? पंधराला?" ते मोठ्यांदा हसले, मग खांद्यावर हात ठेवून सॉरी म्हणाले, जणू त्यांनीच सोमवार आणला होता. मग त्यांनी मला एका विशिष्ट जागी उभं केलं. तिथून कापलेली बाजू दिसत नाही. गाडी पूर्ण आहे असं वाटतं.

काचेतून आत बघितलं. वास येतो का म्हणून दाराच्या फटीला नाक लावलं. काही नाही, फरशी पुसायच्या द्रवाचा तेवढा. अण्णांच्या हातांचा वास लाइफबॉयने घासूनही जायचा नाही, जेवताना भाताच्या वासात मिसळायचा.

हिची पुढची कथा छोटी आहे. १९३९ मध्ये युद्ध आलं, इंधन सैन्याला, गाड्या उभ्या. युद्धानंतर ती फ्रेंचांनी नेली, १९४९ मध्ये परत मिळाली, पश्चिम जर्मनीत नव्या नंबराने धावली, १९५७ मध्ये बाद झाली. बर्लिन-हाम्बुर्ग तिच्या नशिबी परत आलं नाही.

घरी

रात्रीच्या गाडीने बर्लिन, चार दिवसांनी पुणे. बॅगा तशाच ठेवून आधी कपाट उघडलं. अण्णांचं चित्र आणि फोनमधला माझा फोटो शेजारी शेजारी धरले. नाक जुळेना. चित्रातल्या नाकाच्या मधोमध, खाली, एक झाकण होतं. जोडाचं झाकण.

चहाच्या किटलीची वाफ धरून ती तपकिरी चिकटपट्टी हळूहळू सोडवली. वीस मिनिटं लागली. कागदाचा थोडा पापुद्राही निघाला, पण डब्याच्या कुशीवरचे आकडे वाचता आले. पुढचे पुसट होते. पहिले तीन स्वच्छ: १३७.

नवरा मागून डोकावला. "हीच ना, जिच्यासाठी गेली होतीस?"

"नाही," मी म्हटलं, "ही ती, जिच्यासमोर बसून ठेपले खाल्ले."